महादूला चहा सांग

रास अल खैमा
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय नीलेश,

दादाचे भरभरून आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे, डावा गुडघा सोडून. सोमवारी आमचा नेमबाजीचा क्लब बंद असतो, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

पत्र महादूच्या हाती पाठवतोय. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या साइटवरून तो महिन्याच्या सुट्टीवर गावी निघालाय. बॅगेत दूध पावडर, खजूर, तुला अत्तर आणि वैभवीला रंगपेटी आहे. पण बॅग नंतर उघड. ओटीवर नीट बस, चष्मा लाव आणि आधी हे वाच. लांबलचक आहे, कंटाळू नकोस. महादूला बजावलंय की उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्यायचं आणि ते घेऊनच उठायचं.

आणि हो, महादूला चहा सांग. साहेबांना गॅसवरचा चालत नाही, मागच्या पडवीतल्या चुलीवरचा धुरकट चहाच लागतो. दर्शनाला चूल पेटवू दे, वैभवीला लाकडं आणायला धाड. वेळ लागेल, लागू दे.

आता तुझी बंदूक. लायसन्स झालं म्हणून तू फोनवर इतका खूश होतास की मलाही बरं वाटलं. वाडीत दोन घरं फुटली, म्हणून घराच्या रक्षणाला बारा बोअरची पंप-अ‍ॅक्शन घेतोयस, आणि अकरा वर्षं बंदुका पुसणारा भाऊ असताना दुकानदाराला कशाला विचारायचं, असं म्हणालास. बरोबर आहे तुझं. उत्तर फोनवर दिलं नाही, कारण फोनवर तू दोन मिनिटांत "बरं बरं" करतोस.

तू फोटो पाठवलास त्या बंदुकीची सख्खी बहीण आमच्या क्लबात आहे. नवशिक्या गिऱ्हाइकांना देतो ती. तुला पन्नास हजार सांगितले, म्हणजे इथले एकवीसशे दिरहम. त्या पैशात वाईट नाही. वजनाला साडेतीन किलोच्या आत. दस्ता प्लास्टिकचा, हाताला स्वस्त लागतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत लाकडासारखा फुगणार नाही. नळी मात्र आठवड्याला तेल मागेल. खाऱ्या वाऱ्यात पंधरा दिवस विसरलास तर तांबेरा चढलाच समज. धक्का जबर आहे. परवा एक जाडजूड गिऱ्हाईक खांदा चोळत गेलं आणि जाताना मलाच "यू शुड वॉर्न पीपल" म्हणून ऐकवून गेलं.

मुख्य खोट पंपातच आहे. पुढची मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. ठामपणे ओढलं तर ठीक. घाबरलेल्या माणसाचा हात अर्ध्यावर थांबतो आणि काडतूस आडवं अडकतं. आमचा मिस्त्री हमदुल्ला, पेशावरकडचा, म्हणतो की सस्ती बंदूक डरपोक आदमी को पहचानती है. म्हणजे चोर आलाच, तर भरवसा नाही.

फोटोखाली तू पाच प्रश्न लिहिले होतेस; बंदूक कशी आहे आणि भरवशाची आहे का, या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं झाली. तिसरा प्रश्न होता, "नुसता पंप ओढल्याचा आवाज ऐकून माणूस गप्प होतो का?"

होतो. आमच्या क्लबात तो खटका वाजला की गप्पा मारणारी माणसंही थांबतात. पण नीलेश, हे वाचून मी जरा अडखळलो. चोर पळतो की नाही, असं तू विचारलं नाहीस. चोर बोलत कुठे असतो?

चौथा प्रश्न होता मधल्या फळीच्या भिंतीचा. छर्रा त्यातून आरपार जातो का?

मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं, देवाशपथ. भिंतीपलीकडे पोर झोपते, त्याची काळजी करतोय म्हटलं. म्हणून बुधवारी क्लब उघडायच्या आधी आमच्या रेंजच्या झैदची परवानगी काढली. "यल्ला अरुण, पाच मिनट, फिर खलास," म्हणाला. आपल्या फणसाच्या फळ्या इथे कुठून आणू? पॅकिंगच्या दोन जाड फळ्या ठोकल्या, मागे टाइल्सचा रिकामा खोका ठेवायचा ठरवला. हमदुल्लाने विचारलं, "खोका किस ऊँचाई पे रखूँ?"

मी सहज म्हणालो, "खाट की ऊँचाई पे रख."

तोंडातून गेलं आणि माझा हातच थांबला.  हमदुल्लाने स्टूल आणून खोका त्या उंचीवर ठेवला आणि एकच बार काढला. फळ्या आरपार. खोक्याला सात भोकं. मी दोनदा मोजली.

"तेरा भाई दरवाज़े का कुछ पूछता है?" त्याने विचारलं. "ग्रिल, कुत्ता, लाइट?"

"नहीं."

"चोर से डरने वाला पहले दरवाज़ा पूछता है, भाई. बंदूक बाद में."

 खोका खोलीवर आणलाय, खाटेखाली आहे. का आणला, माहीत नाही.

तुला बाबांची बंदूक आठवते? तुला नक्की आठवते, कारण तिच्या पट्ट्याला तेल लावायचं काम तुझं होतं. बाबांनी ती कुणावर कधी झाडली नाही. डुकरावरसुद्धा नाही धड. ती नुसती खुंटीला असायची, आणि आई काही बोलायला लागली की बाबा खुंटीकडे बघायचे. एवढंच. आईचं वाक्य तिथेच तुटायचं.

निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या. बाबा कुरकुरत सायकलवर बांधून नेऊन द्यायचे. तो दीड महिना आई मोठ्याने बोलायची. शेजारणींशी हसायची, भाजीला मीठ जास्त झालं तर स्वतःच सांगायची. पुढे काय होतं ते आपण दोघे पाहायचो. मतदान झालं, बंदूक परत खुंटीला आली, की आईचा आवाज पुन्हा खाली. तू दुसरीत असताना गुरुजींना विचारलं होतंस, "पुढची निवडणूक कधी?" सगळा वर्ग हसला. मी खिडकीतून ऐकत होतो, मला हसू आलं नाही.

तेच पोर तू, नीलेश. तुला हे कसं सुचलं रे?

आता माझी बाजू लिहितो, कारण मीही धुतल्या तांदळाचा नाही. गणपतीत आलो तेव्हा मधल्या खोलीला आतून नवी कडी दिसली. दर्शनाला विचारलं, तर म्हणाली, "मांजर शिरतं, भाऊजी." मांजराला कडी कशाला, साधं ढकललेलं दारही पुरतं. तिच्या दंडावर काळंनिळं होतं, ते पदराने झाकत होती. आरतीच्या वेळी तू हाक मारलीस तर वैभवी ताटासकट दचकली. मी सगळं पाहिलं. आणि काय केलं? दर्शनाच्या हातावर अत्तराची बाटली ठेवली, तुझ्याशी रात्रभर पत्ते खेळलो आणि परत विमानात बसलो. मोठा भाऊ म्हणवतो मी.

म्हणून बुधवारी संध्याकाळी वैभवीच्या शाळेतल्या बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी दर्शनाला बोलावून घेतलं आणि आपल्या फोनवर माझ्याशी बोलायला दिलं. ती आधी मांजराचीच गोष्ट सांगत राहिली. मी तुझा पाचवा प्रश्न तिला वाचून दाखवला. "भरलेली घरात ठेवली तर कायद्याने चालते का?" मग ती खरं बोलली. अर्धा तास बोलत होती. गणपतीच्या आधीपासून ती आणि वैभवी कडी लावून झोपतात, आणि तू फळीवर बोटांनी टकटक करत बसतोस, हे तिने सांगितलं. काय सांगितलं ते सगळं इथे लिहीत नाही. तुला माहीतच आहे.

महादूकडे मी दोन पत्रं दिली आहेत. एक हे. दुसरं तुझ्याकडे येण्याआधी तो पोलीस ठाण्यात देऊन आलाय, तुझं लायसन्स रोखण्यासंबंधी. त्यात फोनवर लिहून घेतलेला दर्शनाचा जबाब आणि सख्खा भाऊ म्हणून माझी सही आहे. दुकानदाराकडे जाऊ नकोस, तुझी फेरी फुकट जाईल.

तर सल्ला विचारलास म्हणून सांगतो. बंदुकीत फारशी खोट नाही. ती तुझ्या घरात नको.

चहा अजून आला नाही, ना?

मागे जाऊन बघ हवं तर. चूल पेटलेली असेल, पातेलंही वर असेल. खालच्या रस्त्याला महादूच्या मेव्हण्याची रिक्षा उभी होती, ती एव्हाना गेली असेल. कुठे, ते मी लिहिणार नाही आणि महादूला सांगितलेलं नाही. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. दिवसभर सळया वाकवणारा माणूस आहे, तुझ्यापुढे मुद्दाम तोच बसवलाय.

एवढं लांबण लावलं ते याचसाठी. तेल, तांबेरा, दस्ता, सगळं खरं आहे, पण दर्शना आणि वैभवीला उतार उतरायला वेळ हवा होता.

मी तुला कडेवर घेऊन नदी ओलांडलीय, नीलेश. माझा जीव आहे तुझ्यावर. आणि मला तुझी भीती वाटते. हे दोन्ही एकाच हाताने लिहितोय. मार्चच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय. डॉक्टर, दारू सोडवणारे, समुपदेशन, जिथे म्हणशील तिथे मी तुझ्याबरोबर बसेन. पण त्या दोघी परत यायच्या की नाही, हे दर्शना ठरवेल. तू नाही, मीही नाही.

महादूकडे उत्तर दे. एक ओळ चालेल. आणि उठून पातेलं उतरव, चहा करपेल.

गणपतीत ती कडी पाहून ज्याने मान फिरवली, तो तुझा दादा,
अरुण