तान्ह्या पोळ्याची सुट्टी

१४ एप्रिल २०२५

अंकिताला आज सुट्टी आणि उद्याही सुट्टी! आजची समजली — बाबासाहेबांची जयंती, ती बंगळुरातही असते. पण उद्याची कशाची? माझ्या कॅलेंडरवर उद्या काहीच नाही.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी दोन पेनांनी भरते. निळ्यानं आपल्या इकडच्या सुट्ट्या, लाल पेनानं पोरीच्या लॅबच्या. जानेवारीतच ती यादीचा फोटो पाठवते. मग वर्षभर मी बघत बसते, लाल आणि निळं कुठं एकत्र येतं! त्यांचा राज्योत्सव आपल्याकडे नाही, आपला पोळा त्यांच्याकडे नाही. अख्ख्या देशाला एकदम हमखास सुट्टी म्हणजे तीनच दिवस — सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. शिवाय लॅबवाले दोन सुट्ट्या ऐच्छिक देतात, ज्यानं त्यानं आपल्या मुलखाच्या सणाला घ्यायच्या. त्यातली एक ती उद्या उडवणार. मग पोळ्याला काय करशील, बाई?

१५ एप्रिल

फोन केला. म्हणे, "बिहू आहे आई. आसामचा सण."

"आसामचं कोन हाय व तुह्या ओळखीचं?"

फोन कट! नेटवर्क गेलं म्हणे. मी काय आज जन्मले का?

१ मे

पोरगी आली! इथं महाराष्ट्र दिन, तिथं कामगार दिन. कारण काही का असेना, सुट्टी एकच. ज्यानं कोणी ही तारीख ठरवली त्याचं भलं होवो. भरली वांगी केली, आपल्याच वाडीतली. तीन पोळ्या खाल्ल्या तिनं.

जेवतानाच सांगितलं. मुलगा तिच्याच लॅबमधला. घरची शेती, तिकडे आसामात. नाव प्रांजल.

हे म्हणाले, "प्रांजल तं पोरीचं नाव असते."

मला हसू आलं. चुकलंच माझं. नेमके माझे भासरे, यांचे थोरले भाऊ बाबारावजी, ओसरीत बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं. "बबन, पोरगी हातची गेली तुही," म्हणाले. झालं! थोरल्या भावासमोर मान खाली घालायची वेळ आली की यांचं डोकं फिरतं. तसेच उष्ट्या हातानं ओसरीत गेले. "दादा, तुह्यासमोर सांगतो. आपल्या बोलीचा नाई, आपल्यातला नाई. तो पोरगा माह्या दारात आला तं रिकाम्या हातानं परत धाडीन. पानीबी नाई पाजनार!"

अंकिता उठली. स्वतःचं ताट उचललं, बापाचंही उचललं, घासून ठेवलं.

३ मे

काल गेली. हे फाट्यापर्यंतही गेले नाहीत. आज सकाळी मात्र भेंडी तोडता तोडता — "पोचली का?" मी म्हटलं, फोन तुमच्याजवळबी हाय.

पण पोरीनं फोन तोडला नाही. रोज साडेसातला येतोच. दुसरी असती तर वर्षभर तोंड दाखवलं नसतं. किती उपकार मानू तिचे! आणि यांचं काय करू? भल्या माणसाचा हाच एक दोष — बोलून बसले की मागं फिरणं नाही. त्यात भासरे दर चार दिवसांनी येऊन आठवण करून देतात.

११ जून

अंकितानं फोटो पाठवले, प्रांजलच्या घरचे, एप्रिलमधले. बिहूचा पहिला दिवस म्हणे गुराढोरांचा! पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहून बैल धुतोय. त्याची आई बांबूच्या कामटीत वांग्याच्या अन् दुधीच्या फोडी ओवून आणते, त्या गुरांना द्यायच्या. नवी दावी बांधायची. अगं, हा तर आपला पोळाच की!

फोन मुद्दाम चहाच्या कपाजवळ ठेवला. आधी यांनी नाही नाही केलं. मग चष्मा मागितला. चहा पार थंड झाला.

"कोन्ती वांगी हायेत व ही? लांबट दिसते."

"मले काय माहीत? त्यालेच विचारा."

"बैलाले वांगी चारते म्हंजे चांगल्या घरचे दिसते," एवढं म्हणाले आणि उठून गेले. तेवढंही पुष्कळ! देवाजवळ साखर ठेवली.

५ जुलै

हे वांगी घेऊन वर्ध्याला गेले. दुपारी येणारे, पाच वाजता आले. काम होतं म्हणे. कॅलेंडरजवळचं लाल पेन सापडत नाही.

२० जुलै

माळ्यावर चढले होते, लोणच्याच्या बरणीसाठी. अंकिताचा लाकडी बैल तिथं नाही! पाच वर्षांची असताना यांनी सुताराकडून करवून आणला होता. तान्ह्या पोळ्याला दोरी धरून गावभर ओढायची. एक शिंग मोडकं, आणि पाठीवर तिनंच नेलपॉलिशनं काढलेली फुलं.

यांना विचारलं. "तिनंच नेला असन मे महिन्यात," म्हणाले आणि वर बघितलंही नाही.

इतकं ऐकून घेतलं आणि जाताना घरातली एवढीच वस्तू नेली पोरीनं. खाली उतरून पदर डोळ्यांना लावला. घर विसरली नाही ती.

१५ ऑगस्ट

अख्ख्या देशाला सुट्टी! तासभर बोललो. पोळ्याला येशील का विचारलं.

"आई, इथं पोळ्याची सुट्टी नाई."

"तुही एक सुट्टी उरली हाय नं?"

"बघू," म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. नाही.

२२ ऑगस्ट

पोळा. काल यांनी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले, आज झूल, घुंगरू, तोरणाखाली उभे केले. पुरणपोळी झाली. बैल जेवले, मग आम्ही. सगळं आहे घरात, तक्रार कशाची करू? बैल धडधाकट, वाडी हिरवीगार, हे माझ्यासमोर बसलेले. तरी तिसरं ताट मांडलं गेलं चुकून. यांनी बघितलं. 

२३ ऑगस्ट

रात्र झाली. पण आजचं आजच लिहिणार.

तान्हा पोळा. शाळेला सुट्टी, पोरं सकाळपासून सजून लाकडी बैल घेऊन दारोदार. दारात आलेल्या नंदीचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, ओवाळायचं, आणि ओढणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवायचा — नाणं, खाऊ, जे असेल ते. आजच्या दिवशी दारातून कोणाला रिकामं पाठवत नाहीत. भांडणातल्या घरचं पोर आलं तरी नाही!

भासऱ्यांना यांनी सकाळीच चहाला बोलावलं होतं. दोघं ओसरीत. अकराच्या सुमारास खडखड ऐकू आली. बघते तर पोरांच्या रांगेत शेवटी एक सहा फुटी पोरगा! पांढरा सदरा, गळ्यात लाल काठाचा गमछा, आणि हातात दोरी. दोरीला अंकिताचा बैल. मोडकं शिंग, पाठीवर फुलं! मागं लिंबाखाली ऑटो, आणि ऑटोजवळ माझी पोरगी.

अंगणातली पोरं फिदीफिदी हसत होती. त्याचे कान लालेलाल. पण आला. ओसरीसमोर थांबला, बैलाचं तोंड दाराकडे केलं आणि एक एक शब्द जपून म्हणाला, "काकाजी, बोजारा द्या."

हे उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं आता!

भासरे म्हणाले, "बबन, तू तं म्हनलं होतं रिकामा धाडीन."

"म्हनलं होतं दादा. शब्द माहाच हाय." यांनी बैलाकडे बोट केलं. "पन आज तो नंदी घेऊन आला. आज कोनाले रिकामं धाडता येते का? तूच सांग. तू मोठा हायेस."

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, बैलाकडे बघितलं, मग उगाच उपरणं झटकलं. "रीत ते रीत," म्हणाले. "मंदाबाई, पानी आना. नंदीचे पाय धुवायचे हायेत."

पळतच पाणी आणलं. बैलाचे पाय धुतले, ओवाळलं, आणि हात थांबेना म्हणून पोरालाही ओवाळलं. यांनी खिशात हात घातला, परत काढला. आत जाऊन टोपलीतली चांगली दोन वांगी आणली. एक त्याच्या हातावर ठेवलं, एक लाकडी बैलाच्या तोंडाशी. "तुमच्याकडे चालते नं?"

पोरगा हसता हसता रडायला लागला. अंकिता तर रडतच आत आली. मग पाणी, मग चहा, मग कालच्या पुरणपोळ्या! त्यानं चार खाल्ल्या.

जेवताना कळलं, त्यानं आपली उरलेली ऐच्छिक सुट्टी आज लावली. दुर्गापूजेला आईकडे जाणार होता, त्यासाठी राखून ठेवलेली. साहेबानं विचारलं, तान्हा पोळा कोणत्या राज्याची सुट्टी? हा म्हणाला, "होनेवाले ससुराल की." केवढा आगाऊपणा! पण त्या माउलीचा विचार मनातून जात नाही. तिच्या वाट्याचा दिवस आज माझ्या दारात आला. कधी भेटली तर आधी पाया पडेन, मग बोलेन.

बैल त्यांच्याबरोबरच गेला. हे या वेळी फाट्यापर्यंत गेले.

अंकिता हुशार माझी! बैल कधी न्यायचा, कधी आणायचा, सगळं बरोबर साधलं पोरीनं.

२ ऑक्टोबर

दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी — देशाची एक सुट्टी बुडाली! पण अंकिता आली. बैलही तिच्याबरोबर आला, कुरिअरच्या जुन्या खोक्यात, परत माळ्यावर ठेवायला. मी म्हटलं, मे महिन्यात कसा गुपचूप नेलास, कळूसुद्धा दिलं नाहीस. ती म्हणाली, "मी? मी नाई नेला आई. तारीख बघ नं खोक्यावरची." पाच जुलै, वर्धा, आणि नाव प्रांजलचं. तळाशी गावच्या शाळेच्या सुट्ट्यांची यादी. तान्ह्या पोळ्याखाली लाल रेघ, माझ्याच पेनाची. आणि रेघेखाली यांच्या अक्षरात — "बेटा, इस दिन आना. बैल हाथ में रखना. दादा के सामने. फिर मैं कुछ नहीं बोल सकता."