चोरओटी

शनिवार, १४ डिसेंबर

पोचलो बाई एकदाचे! केडगावातून सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण कानिफचं आणि वेळेचं जन्माचं वाकडं. त्यात राहुरीत उतरून भेळ खाल्ल्याशिवाय साहेबांची गाडी पुढे हलेना. धरणाच्या काठाला रंभाजीभाऊ होडी घेऊन बसलेच होते. आम्हाला बघून म्हणाले, "सात वर्सांनी आठवन झाली व्हय, नंदाताई!" इतकं बरं वाटलं ऐकून. आपली आठवण ठेवणारं कुणी असलं की माणूस उगाच खूश होतं.

लग्न झाल्या झाल्या इथेच आलो होतो आम्ही. मैत्रिणी गोव्याला, अंदमानला गेल्या आणि मी मुळा धरणाच्या पाण्यातल्या टेकडीवर! कानिफ तेव्हा एमआयडीसीत नुकता लागला होता. म्हणाला, चारी बाजूंनी पाणी आहे ना, मग हेच आपलं अंदमान. धरण भरलं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. त्यावर रंभाजीभाऊंचे तंबू, गीतावहिनींची चूल आणि गिऱ्हाइकांना फोटो काढायला लावलेली नारळाची झाडं. तेव्हा माझ्या खांद्याला लागायची, आता मान वर करून बघावं लागतं.

पाण्याच्या कडेला साती आसरा आहेत. शेंदूर फासलेले सात दगड. पाण्यातल्या सात बाया म्हणतात त्यांना. तेव्हा मी त्यांच्यापुढे बसून ढसाढसा रडले होते. आई गेली तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागले होते. काकूनं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पाठवणीला माझी ओटी भरायला एक बाई पुढे आली नाही. म्हणून त्या दगडांना म्हणाले होते, बायांनो, मला माहेर नाही, आजपासून तुम्हीच माझं माहेर. कानिफ आधी हसला, मग माझ्याकडे बघून शेजारी येऊन बसला.

आता खरी बातमी लिहिते. मला तिसरा महिना चालू आहे! दोनदा हातचं गेलं, म्हणून यावेळी तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. डॉक्टरबाईंना आणि कानिफलाच ठाऊक, सासूबाईंनासुद्धा नाही. देवा, एवढं बाळ टिकू दे. दुसरं काही मागत नाही मी.

रविवार, १५ डिसेंबर

आज लग्नाचा वाढदिवस. तीच हिरवी साडी आणली होती, तोच फोटो पुन्हा काढायला. ब्लाउज काही होईना, पिना लावून भागवलं. स्वतःचं पार्लर असून नवऱ्याच्या फोटोत माझे डोळे मिटलेलेच येतात, सात वर्षांपूर्वीही मिटलेलेच होते. खूप हसलो. मग त्या दगडांना हळदीकुंकू वाहिलं आणि हळूच सांगितलं, बायांनो, गोड बातमी आहे हं.

तंबूत आले तर खाटेवर सूप! हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पसाभर तांदूळ. माझ्या अंगावर काटाच आला आनंदानं. चोरओटी! तिसऱ्या महिन्यात माहेरची माणसं गुपचूप ओटी भरतात, ती. माझ्या पार्लरमध्ये बायका सांगतात त्यांच्या त्यांच्या, आणि मी धागा ओढता ओढता नुसतं ऐकत असते. म्हटलं, कानिफच्या पोटात राहिलं नाही, त्यानं गीतावहिनींना सांगितलं असणार. पदर पसरला आणि सगळं त्यात ओतून घेतलं. थोडं ओलसर होतं.

ओटीच्या तांदळाचा गोडभात करून तो जिची ओटी तिनंच खायचा असतो, एवढं मला ठाऊक आहे. वहिनींच्या चुलीवर गूळ घालून केला आणि कानिफनं कितीही तोंड वेंगाडलं तरी त्याला शीत दिलं नाही. पातेलं पुसून खाल्लं. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

मग वहिनींचे आभार मानायला गेले. त्या भाकरी थापता थापता थांबल्या. म्हणाल्या, "आमी न्हाई ठिवली, ताई. तुमाला दिवस गेल्यात हे तरी कुठं म्हाईत हुतं?" कानिफनं आईची शपथ घेतली, त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. बेटावर दुसरं गिऱ्हाईक नाही. रंभाजीभाऊंनी एवढंच विचारलं, तांदूळ ओले होते का. मी हो म्हणाले तर उठून बाहेर गेले.

असेल कुणाची तरी गंमत. एवढी छान ओटी भरणारं माणूस वाईट कसं असेल?

सोमवार, १६ डिसेंबर

सकाळी जाग आली ती वासानं. तुपात डिंक तळल्याचा वास. बाळंतिणीच्या लाडवांचा. वहिनींकडे गेले तर चूल पेटलेलीच नव्हती. वास पाण्याकडून येत होता. आणि पाण्यातून, अगदी खालून, जात्याची घरघर. कानिफ म्हणाला, कुणाच्या तरी पंपाची मोटार असेल. पण त्यानंच मग माझा हात सोडला नाही.

न राहवून सासूबाईंना फोन केला. राहीबाई म्हणजे आमच्या घरातला तोफखाना. आधी रडल्या, मग लपवलं म्हणून भरपूर झापलं, मग ओटीचं ऐकून रागवायचंच विसरल्या. विचारलं, "दाणे माघारी टाकले का न्हाई?" कसले दाणे? तर ओटी घेतली की त्यातले चार दाणे ज्याचं सूप त्याच्या सुपात माघारी टाकायचे असतात. म्हणजे लेक आपल्या घरी जायला मोकळी. नाही टाकले तर ती देणाऱ्याच्या घरची राहिली. पहिलं बाळंतपण तर माहेरीच असतं.

मला कोण शिकवणार होतं हे? मी तर सगळे खाऊन बसले, आणि सूपही खाटेवरून कधी नाहीसं झालं कळलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, असशील तशी नीघ. बॅगसुद्धा न भरता होडीत बसलो. काठापासून थोडं पुढे गेलो आणि ओटीपोटात कळ आली. अशी कळ मला ठाऊक आहे, दोनदा सोसलीय. खाली बघितलं तर रक्त. मी ओरडले. रंभाजीभाऊंनी होडी वळवली आणि माझा पाय बेटाला लागला तशी कळ थांबली. रक्तही थांबलं. कधी आलंच नव्हतं जणू.

दुपारी पुन्हा निघालो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसायची माझी हिंमत नाही. माझं बाळ आहे ते.

मंगळवार, १७ डिसेंबर

कानिफ डॉक्टरबाईंना आणि सासूबाईंना आणायला गेलाय. जाताना माझं डोकं छातीशी धरून उभा राहिला, रंभाजीभाऊ हाका मारत राहिले तरी. त्याआधी त्यानं वहिनींच्या डब्यातले तांदूळ ओंजळभर पाण्यात सोडले, घ्या तुमचे दाणे म्हणून. ते बुडाले नाहीत. हळूहळू तरंगत काठाला आले आणि माझ्या पावलांपाशी थांबले. वहिनी म्हणाल्या, आसरांना त्यांचेच दाणे पायजेत. दुसऱ्याचे कशाला घेतील त्या?

खाटेवर हिरवा चुडा ठेवलेला होता. ओला. मी हात लावला नाही. आता लिहिताना बघतेय तर हातात आहे. अगदी मापाचा.

वहिनी आता माझ्या तंबूत येत नाहीत. ताट बाहेर ठेवून जातात. जात्याची घरघर थांबलीय. कुणीतरी बाळंतिणीची खोली सारवतंय, ओल्या शेणामातीचा वास —

कानिफचा फोन. डॉक्टरबाई तयार आहेत, पण वारं सुटलंय, होडी घालता येत नाही. उद्या सकाळी. घाबरू नकोस म्हणाला.

बुधवार, १८ डिसेंबर

सापडले! हिरव्या साडीच्या पदराच्या दुमडीत. चार दाणे. पिन लावली होती तिथेच अडकून बसलेले.

सासूबाईंना फोन केला. ओरडल्याच आनंदानं. म्हणाल्या, "लगेच टाक त्या दगडांम्होरं, आन मागं न बघता होडीत बस. आमी निघालोच हाय."

वारं पडलंय. लांबून होडी दिसतेय. पुढे उभा तो कानिफच, दुसरा कोण असा वेड्यासारखा हात हलवणार! बाळा, चल, आपण घरी जाऊ.

वही बरोबर घेतलीय. लिहीत राहिले की धीर येतो.

दगडांपाशी

पाणी मागे सरलंय. खाली पायऱ्या आहेत. सारवलेलं अंगण. रांगोळी.

दगड जागेवर नाहीत.

त्या पायऱ्यांवर बसल्यात. सातही. ओले केस, मोठं कुंकू. भीती वाटायला हवी. वाटतेय. पण एकीनं सूप पुढे केलं, दाणे टाक म्हणाली, जायचं तर जा बाई, आम्ही अडवत नाही.

मी विचारलं, घरी माझं बाळ टिकेल का?

सातहीजणींनी माना खाली घातल्या.

मग विचारलं, आणि इथे?

सगळ्या हसल्या. किती मायेनं. माझ्याकडे बघून असं कुणी —

कानिफ हाका मारतोय. जवळ आलाय. सासूबाईंचाही आवाज. टाक, नंदे, टाक —

मूठ उघडली. सुपावर धरली. तेवढ्यात पोटात कळ. बारीकशी. तिसऱ्यांदा नको. तिसऱ्यांदा नाही सोसणार मला —

खाल्ले. चारही.

कळ गेली.

कानिफ, रागावू नकोस रे. पहिल्या बाळंतपणाला सगळ्याच जातात माहेरी. पाणी कोमट आहे. मोठी म्हणतेय, आता नीट ओटी भरू, पदर पुढे कर. पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो, वही खाली ठेव म्हण