नऊ खाटा कमी

३ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या सभेत आज उब्बेनने अक्कल पाजळली! "पोरं फोनवर सगळं जग बघतात. मग त्यांना फ्रान्सला धाडायला गावाचे पैसे कशाला?" जन्म गेला गाईंच्या धारा काढण्यात, आणि हे आमचे नगरसेवक. पंचवीस वर्षं फ्रान्समधल्या ब्रिटनीतली मुलं आमच्या घरांत आणि आमची मुलं त्यांच्या घरांत राहताहेत, हे त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. या देवाणघेवाणीचं अनुदान वाढवा म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो.

मी उठून बोलले. माझ्या फ्रेंचच्या तासाला जांभया देणारी अंके तिकडे मैत्रिणीशी कडाकडा भांडून आली — फ्रेंचमध्ये! हे फोनवर होतं का, विचारलं.

उब्बेन म्हणे, "भांडायला परदेशी कशाला? आमच्या गोठ्यावर या की." सगळे फिदीफिदी हसले. मूर्ख!

४ फेब्रुवारी

अजून राग गेलेला नाही.

११ फेब्रुवारी

बाजारात उभं राहून सह्या गोळा केल्या. आमच्या देवाणघेवाण मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर मेन्सिंग — दातांचे — शेजारी उभे. गळ्यात रेशमी मफलर, तोंडात "युरोपचं भवितव्य". बोटं माझी गोठली, पेपरात फोटो त्यांचा! पण सह्या भरपूर. जो तो म्हणे, "तरुणांसाठी एवढं तर करायलाच हवं."

२६ फेब्रुवारी

मंजूर!!! दोन मतांनी. अनुदान जवळजवळ दुप्पट. बसभाड्यापायी आता कोणाचंही मूल मागे राहणार नाही. उब्बेन आणि त्याच्या टोळक्याने विरोधात हात वर केले आणि तोंडावर आपटले. चेहरे बघण्यासारखे होते! घरी येऊन चहात खडीसाखरेचा एक खडा जास्त टाकला.

१३ मार्च

ईस्टरनंतर ब्रिटनीची मुलं येणार. पैशांची सोय झाली म्हणून यंदा जास्त येताहेत. कोण कोणाकडे राहणार, याची विचारणा सुरू केली.

मेन्सिंग: "आमच्या न्हाणीघराचं काम काढलंय हो." तीन मजली घर आहे त्याचं! वाचनालयातली रोझेमारी: "मुलगी असेल तर बघू. मांस न खाणारी. आणि कुत्र्याला न घाबरणारी." अंकेची आई: "आम्ही दोघं नोकरीवर जातो, तम्मेनाबाई. तुम्हाला एकटीला काय कळणार."

सह्या करताना बरा हात चालत होता सगळ्यांचा.

२० मार्च

अजून नऊ मुलांना घर नाही. "वसतिगृहात ठेवा," मेन्सिंग सुचवतो. म्हणजे ती आपापसात बोलणार, आपापसात जेवणार आणि आमचं गाव खिडकीतून बघून परत जाणार.

तिकडच्या शिक्षिकेने, सोलेनने, फोनवर स्पष्ट सांगितलं, "सगळ्यांना घर मिळणार नसेल तर आम्ही येत नाही. खोल्या भाड्याने घ्यायला तुमच्या गावाला कशाला यायचं?" बरोबर बोलली. परवापर्यंत कळवायचंय. नाही जमलं तर यंदाचं सगळं रद्द, आणि भांडून मिळवलेले पैसे नगरपालिकेला परत.

ढोंगी गाव! मला या माणसांची किळस आली आहे.

२२ मार्च

सकाळी उब्बेनचा फोन. अंकेची आई दूध न्यायला गेली होती, तिच्याकडून त्याला कळलं. "आठ खाटा झाल्या. चार माझ्याकडे. बाकीच्यांसाठी आमच्या गटातल्या नगरसेवकांना जरा दमात घेतलं."

"पण तुम्ही सगळ्यांनी तर विरोधात मत दिलंत!"

"ते पैशांच्या विरोधात दिलं. उद्या मत घेतलं तरी तसंच देईन. म्हणून दारात आलेली पोरं हाकलायची का?" मग म्हणाला, "नववं तुमच्याकडे ना, बाई?"

गावातली घरं मोजत बसले होते मी. माझं सोडून.

हो म्हटलं.