आठवीच्या वर्गात ताईची भुवई

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे कागदावरच). कंबर कशी आहे? भावजी गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस, फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकीट तरी फोडशीलच. तू तर दुसऱ्यांचीही फोडायचीस.

तर झालं असं, की आमच्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, मीम्स करवून धडे शिकवा. मीम म्हणजे एखादा चेहरा घ्यायचा आणि त्याखाली चावट ओळ लिहायची (हेच आपण बाकाखाली करायचो आणि छड्या खायचो, आता त्याला उपक्रम म्हणतात). चेहरे इंटरनेटवर आयते मिळतात हे मला कुठे ठाऊक? मी इमानेइतबारे घरून फोटो नेला, आपल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवरचा. सगळ्या मुली कॅमेऱ्याकडे बघताहेत, मी रडवेली, आणि तू एक भुवई चढवून माझ्याकडे. जेवताना बोलायची बंदी, म्हणून आपला सगळा संसार त्या भुवईवर चालायचा. जराशी वर गेली की सिस्टर आल्या. फारच वर गेली की तुझी भाजी इकडे सरकव.

पोरांनी बाकीच्यांना कापलं आणि तुला ठेवलं. एकाने इतिहासाच्या धड्यावर लिहिलं, ‘राजा म्हणाला, तह करू. राणी म्हणाली...’ आणि खाली नुसती तू. गणिताच्या सरांनी तुला स्टाफरूमच्या दारावर लावलंय, ‘पेपर तपासून झाले का?’ शिपाईमामा येता-जाता तुला नमस्कार करतात. मी हसून हसून खोकले.

मग वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोरीने कागद पुढे केला. तुझ्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, ‘रडायचं तर रड. मी बघतेय.’ कोणी हसलं नाही. ताई, फोटो काढला त्या दिवशी तू नेमकं हेच म्हणत होतीस, हो ना? मी घाईने फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

तुझी,
धाकटी

ता. क. पोरं विचारतात, या बाई अजून आहेत का? मी म्हटलं, आहेत तर, शनिवारी वर्गात येणार आहेत. आता माझी लाज राख.

ता. क. पोरांनी काही विचारलेलं नाही. त्यांना तुझं काय पडलंय? मलाच तू हवी आहेस. सकाळच्या गाडीने ये. पलंगाची खिडकीकडची बाजू तुझी.