चिखल फासलेले दगड

आये,

"टाकाऊ ढिगातला न्या हवा तेवढा, माझ्या मालाला हात लावायचा नाय!" असं मुकादम म्हणाला होता, तुम्ही विहाराच्या ओट्यासाठी दगड मागितलेत तेव्हा. सड्यावरच्या, डोंगरमाथ्यावरच्या त्या उघड्या कातळपठारावरच्या खाणीत, दुपारच्या सुट्टीत, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी तुझ्या शेजारी बसून पेज पीत होते. ते वाक्य मी कधी विसरले नाही. रविवारी ते विहाराच्या सभेत बोलून दाखवलं, आणि त्यानंतर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

विहाराचा ओटा तोडायचं ठरलं होतं! तुम्ही वाडीतल्या बायकांनी डोक्यावरून एकेक दगड आणून बांधलेला ओटा. त्या जागी काळाभोर, तोंड दिसेल असा ग्रॅनाइट. आणि ठरवणारा कोण? तुझा लाडका मिलिंद.

"ताई, तू फक्त उद्घाटनाला ये," फोनवर म्हणाला. डंपरचा धंदा नीट चाललाय त्याचा, मन मोठं झालंय.

"आणि जुने दगड?"

"त्यांचं काय? रस्त्याच्या भरावाला टाकू."

भरावाला! मी अलिबागहून पहिल्या एसटीनं निघाले.

वाटेत डोळ्यांपुढे सारखा सडा येत होता. सुरुंग उडाले की तुम्ही हातोडे घेऊन ढिगाशी बसायचात. लाल, जड तो टाकाऊ. फिका, गुलाबीसर, हाताला हलका, वाटाण्यासारखे गोल दाणे असलेला तो माल. फोडायचा, निवडायचा, ट्रक भरायचा. तो बंदरावर जायचा आणि पुढे कुठेतरी त्याचं ॲल्युमिनियम व्हायचं. आपलं भाताचं पातेलं अशाच दगडातून आलेलं असतं, हे मला कितीतरी उशिरा कळलं. तुला ठाऊक होतं का गं?

आज मी वर्गात हेच शिकवते. आपला सडा म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्यावर लाखो पावसाळे पडले. पाण्यानं त्यातलं जे जे नेता येईल ते ते वाहून नेलं. जे हटलं नाही ते माथ्यावर राहिलं. लोखंड जास्त राहिलं तिथं लाल जांभा, कमी राहिलं तिथं बॉक्साइट. पुस्तकात बॉक्साइट दोन-चार ओळींत संपतो. तुझा हातोडा त्यात नाही. मी तो फळ्यावर काढते.

पण खरं शिकले ते खाणीतल्या एका संध्याकाळी. सुट्टी झाली होती. तू ढिगातून एक दगड उचललास. टाकाऊ नव्हे, चांगला फिका. ओहोळाकाठी बसलीस आणि त्याला लाल चिखल चोळायला लागलीस, बाळाला तेल चोळावं तसा.

"काय करतेस?"

"गप ऱ्हा. उलटी आंघोल घालतंय त्याला."

मुकादमानं वाटेत हटकलं. "काय गो, काय नेतेस?"

"टाकाऊ हाय, सायेब," तू म्हणालीस. मान सरळ, डोक्यावर दगड. मी पेजेचा डबा छातीशी धरून तुझ्यामागे लपले आणि तुझी पापणीही हलली नाही!

घरी आल्यावर मी विचारलं, का? तू चूल फुंकत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "बुद्धाच्या दाराशी टाकाऊ कशाला ठेवू? आपन काय टाकाऊ हाव?"

सभेत मी एवढंच सांगितलं. मिलिंदचा चेहरा उतरला.

"म्हणजे आये चोरी करायची?"

"हो," म्हटलं. "आणि झकास करायची."

तेवढ्यात कोपऱ्यातून हसू फुटलं. सोनूआक्का! तुझ्याबरोबर खाणीत जाणारी, आता काठीशिवाय उठता येत नाही तिला. हसता हसता खोकला लागला. "अगो बाय, म्या बी तेच करायची! मना वाटायचा, मीच एकटी चोर."

मागून गंगूकाकी ओरडल्या, त्याही खाणीतल्याच, "चिखल कसला फासता? पावसात उतरतो तो. म्या शेण फासायची!"

"तरीच गो!" सोनूआक्का म्हणाली. "तुझ्या कोपऱ्याला म्हैनाभर वास मारत व्हता!"

सभा संपली ती तिथंच. पोरींनी बादल्या आणल्या, नारळाची सोडणं, ती काथ्याची सालं घेऊन सगळे ओटा घासायला बसले. इतक्या वर्षांचं शेवाळ, काजळी, पायांचा मळ निघाला. एकेक दगड फिका, गुलाबीसर, गोल दाण्यांचा. आये, अख्खा ओटा मालाचा आहे! माल संपला म्हणून कंपनी खड्डे उघडे टाकून निघून गेली. संपला कुठे? आपल्या दाराशी होता.

पण एक विचारू? एकमेकींना का नाही सांगितलंत? एकामागून एक त्या पायवाटेनं उतरायचात, प्रत्येकीच्या डोक्यावर तोच गुन्हा, आणि प्रत्येकीला मागचीची भीती. एवढ्याशा वाटेवर किती एकट्या होतात गं तुम्ही!

मिलिंद ओट्याशी उकिडवा बसून दगडावर हात फिरवत होता. हळूच म्हणाला, "ताई, नाक्यावर अजून दगडफोड्यांची पोरं म्हणतात आपल्याला. मला ते पुसायचं होतं."

"मला नाही पुसायचं. म्हणू देत. आहोतच आपण!"

तो काही पूर्ण पटलेला नाही. ग्रॅनाइट येऊन पडलाय म्हणून आतल्या दोन पायऱ्यांना लावून घेतलाच त्यानं. पावसाळ्यात त्यावरून पहिला तोच घसरणार, तू बघ.

तू मात्र त्या ओट्यावर कधी बसली नाहीस. वंदनेला खाली अंगणात, मातीत. मी किती वेळा हात धरून ओढलं! "बांधनाऱ्यानं बसायचा नसतो," म्हणायचीस. हा नियम कुठला? कुणी केला? तू गेलीस तरी माझा अजून राग आहे त्यावर.

तर ऐक. मी असेपर्यंत त्या ओट्याचा एकही दगड हलणार नाही. रस्ता रुंद होवो, नाहीतर कंपनी परत येवो. कुणी विचारलंच, तर मान सरळ ठेवून सांगेन, टाकाऊ हाय, सायेब.

आणि एक मागणं आहे. ओट्याच्या दर्शनी दगडावर नाव कोरू दे. तुझं एकटीचं नको, सोनूआक्काचं, गंगूकाकींचं, सगळ्याजणींचं. मला माहीत आहे तू काय म्हणशील. "नाव घातला की दगड एकाचा होतो, बाय. ऱ्हाऊ दे." तरी मागते आहे. एकदा तरी हो म्हण ना, आये!

तुझी,
बाय