मनुबाईच्या नावाची चौकट

विश्रामबाग, सांगली
रविवार, १० सप्टेंबर १९७८

मनुबाई,

निम्मी ओळ ओवून झाली होती, सुई अजून मण्यांतच होती, तेवढ्यात आपले मालक लालासाहेब आत आले आणि हात थांबवा म्हणाले. हे काल, शनिवारी. बघ, जय भीम लिहायचाही राहिला. जय भीम. आम्ही बऱ्या आहोत. आटपाडीला तू रोजगार हमीच्या कामावर खडी फोडतेस, असं धोंडिराम कंडक्टरकडून कळलं.

मेमरीचं खातं बंद झालं. मोहरीहून बारीक मणी, त्यांतून केसासारखी तार, आणि कॉम्प्युटर जे लक्षात ठेवतो ते सगळं त्या मण्यांत. हे साहेबांनीच आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आता परदेशातून नखाएवढे काळे तुकडे येतात. त्यांना ओवणारी बाई लागत नाही.

मिलिटरीच्या वर्कशॉपातून सुटल्यावर साहेब साताऱ्यात टेलिप्रिंटर दुरुस्त करायचे. मग स्वतःचा प्रिंटर काढला, मग इथं कॉम्प्युटर. यंदा कॉम्प्युटरची मोठी परदेशी कंपनी देश सोडून गेली तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे वाटले. आता सगळं काम आपल्याकडं, म्हणाले. काम आलं. पण गिऱ्हाइकांना तुकड्यांचीच मशिनं हवीत.

अकराजणींतून एकीला साताऱ्याला प्रिंटरच्या खात्यात घेणार आहेत. सगळ्यांत जुनी म्हणून मला. माझ्याआधीची तू होतीस.

काल सुया पेटीत ठेवताना सुलाबाईनं तुझी आठवण काढली. माझी ओळ बघून तू म्हणायचीस, "शालूबाई, ही ओळ हाय का आटपाडीचा रस्ता?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुझी जाई तापानं फणफणली होती तो आठवडा तुला आठवत असेल. तू दोन दिवस गावी गेलीस. तुझी मण्यांची चौकट अर्धी राहिली होती आणि बुधवारी ती द्यायची होती. कुणाची चौकट अडली तर शेजारणीनं पुरी करायची आणि बोलायचं नाही, हे आपलं ठरलेलं होतं. मी केली. चौकटीवरची चिठ्ठी तुझ्याच नावाची राहिली. तू आल्यावर मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस.

पाच महिन्यांनी ती चौकट बिघडली म्हणून गिऱ्हाइकाकडून परत आली. साहेबांनी चिठ्ठी वाचली. "मनुबाई, डोळं गेलं तुमचं. आता घरी बसा."

तू म्हणालीस, "सायेब, माज्या हाताला इचारा. ही ओळ माजी न्हाई."

मग तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली मान घालून सुईत तार घालत होते. तार कधीच गेलेली होती.

इथवर लिहून मी उठले. पाणी भरलं, तांदूळ निवडले. आता राहिलेलं लिहिते.

चूक नकळत झाली असं तुला वाटू नये. शेवटून तिसऱ्या ओळीत तार मण्याच्या कडेला खरवडली. बोटांना कळलं. तारेवरचं वार्निश सोललं होतं, म्हणजे ती कधीतरी दगा देणार. काढायची तर सगळी ओळ उसवावी लागली असती, आणि माल न्यायची संध्याकाळची गाडी चुकली असती. मी तशीच ओढली. तपासणीत ती पास झाली. तेव्हा मला बरं वाटलं.

तीन वर्षं मी त्याच बाकापाशी बसले. तुझ्या जागेकडं पाठ होईल असं स्टूल ठेवत होते.

उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगणार आहे. साताऱ्याची जागा तुझी आहे. प्रिंटरच्या कामात बारीक सुई नाही, हातोडीनं तुझी बोटं जाड झाली असली तरी जमेल. साहेब हो म्हणाले तर गुरुवारी साताऱ्याला कामावर हजर हो. मला भेटू नकोस.

हे पत्र जाईला वाचायला दे. आईच्या हातून काय झालं नाही, ते तिला कळू दे.

तुझ्या नावामागं लपून राहिलेली,
शालू

ता. क. सोमवार. सकाळी साडेनऊला साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तुला बोलवा म्हटलं, तर म्हणाले, "तीन वर्सं झाली शालूबाई. आता ते उकरू नका." मग सुलाबाईला आत बोलावून साताऱ्याची जागा तिला दिली. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले.