उतारावर मारलेली हाक

वाडी (ता. वेल्हे)
६ एप्रिल २०२४

ती. अक्कास, हनुमंताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झालंय आणि हितं रेंज न्हाई, म्हणून धनाजीच्या दुधाच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतोय. दाजींनाही दाखव.

आपल्या पिकअपला काम लागलं. खिंडीपलीकडच्या वस्तीचा झरा होळीलाच आटला. बावीस घरं आहेत. पंचायतीनं दोन हजार लिटरच्या टाकीची ट्रॉली आणलीय, ती गाडीला जोडून रोज दोन खेपा करायच्या. चढ कसाबसा निघतो. पहिल्या गेरात इंजिन नुसतं कण्हतं, काटा तांबड्यापाशी गेला की निम्म्यात थांबून बॉनेट उघडायचं. खरी भीती खिंडीपुढं. दीड किलोमीटर उतार नि सात वळणं. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक न्हाई. भरलेली टाकी मागून लोटत राहते, नि वळणावर तर गाडी माझी ऱ्हात न्हाई, तिची होते.

सोबतीला आपले शेजारचे कोंडिबाकाका असतात. साठी उलटली तरी चाकाला टेकण लावायची लाकडाची उटी खांद्यावर घेऊन मागून चालतात. चढाला गाडी थांबली की चाकामागं उटी सरकवतात. केबिनमध्ये बसा म्हणलं तर म्हणतात, तुझ्या गाडीपरीस माझे पाय भरवशाचे.

सोनिया आणि पोरी बऱ्या आहेत. दाजींच्या गुडघ्याचं कळव. थोरल्या बहिणीची माया आहे तशीच असू दे.

तुझा,
हनुमंत

भोर
११ एप्रिल २०२४

चि. हनुमंतास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यांचं ऑपरेशन नीट झालं, पण अजून महिनाभर जिना उतरायचा नाही, त्यामुळे मलाही घर सोडता येत नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना नावं ठेवतात. एकतीस वर्षं वरंध्याच्या घाटात एसटी चालवलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

तुझं पत्र मात्र यांनी पुन्हापुन्हा वाचलं. मग मला लिहून घ्यायला सांगितलं. उताराला लागायच्या आधीच गाडी खालच्या गेरात टाक, मधे गेर बदलत बसू नको. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नको, तापला की पेडल पोकळ होतं. टाकी अर्धी नेऊ नको, पाणी आत हेलकावतं. आणि हे त्यांनी दोनदा सांगितलं, की उतारावर चाकापुढं माणूस उभा करायचा नाही. कितीही अडलं तरी नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. नसरापूरला नेऊन ट्रॉलीला ब्रेक बसवून घे, तोवर खेपा बंद ठेव. लहानपणी आंब्यावरून पडलास तेव्हाही खालून मीच ओरडत होते आणि तू ऐकत नव्हतास. आता तरी ऐक.

पोरींना गोड पापा. आमची आठवण असू द्यावी.

तुझी,
अक्का

वाडी
२४ एप्रिल २०२४

ती. वन्संना सोनियाचा सा. नमस्कार.

हे लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहिते. घाबरून जाऊ नका, ह्यांना काही झालेलं नाही. पण शनिवारी खिंडीच्या उतारावर ट्रॉली फिरली आणि कोंडिबाकाकांच्या पायावरून चाक गेलं. पुण्याला नेलंय. गुडघ्याखाली हाडाचा चुरा झालाय, सळ्या घालणार आहेत. पाय राहील म्हणतात, पण पहिल्यासारखं चालणं होणार नाही.

सोमवारी ट्रॉली ब्रेकसाठी नसरापूरला जायची होती. मिस्त्रीनं तोच दिवस दिला होता. पण खेपा बंद ठेवल्यानं वस्तीवर दोन दिवस पाणी नव्हतं, म्हणून ह्यांनी शनिवारी एक खेप मारली.

पोलीस येऊन पंचनामा झाला. काका आपल्या मनानंच उटी घेऊन चाकापुढं आले, असं ह्यांनी सांगितलं, आणि दवाखान्यात काकांनीही तेच सांगितलं. त्यामुळे ह्यांच्यावर काही आलं नाही. तरी हे जेवत नाहीत. पोरी जवळ गेल्या तर उठून गोठ्यात जातात. तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर बरं होईल.

भावोजींना नमस्कार. आमच्यावर लक्ष असू द्या.

आपली,
सोनिया

वाडी
१४ मे २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. त्यात तू लिहिलंस की माझा काय दोष, म्हातारा माणूस आपणहून मधे आला. ते वाचवेना, म्हणून आज लिहितोय.

काका आपणहून आले न्हाईत. म्या हाक मारली.

पाचव्या वळणावर पेडल थेट खाली गेलं. म्या गाडी डोंगराच्या अंगाला चरात घातली, ती थांबलीही, पण ट्रॉली मागून तिरकी सरकत होती. दुसऱ्या अंगाला दरी. दाजींचं सांगणं मला आठवत होतं, अक्का. आठवत असूनही मी ओरडलो, काका, पुढून उटी लावा. ते धावत आले. मग ट्रॉली फिरली.

फौजदारांनी इचारलं तेव्हा पोरी डोळ्यांपुढं आल्या नि तोंडातून भलतंच गेलं. काकांना कुणी सांगितलं काय माहीत, शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझीच री ओढली.

आता ते घरी आलेत. मधे एकच भिंत आहे. काकांच्या सखूकाकू दिवसभर त्यांना बोलतात. कुणी सांगितलं होतं चाकापुढं मरायला, म्हातारपणी अक्कल गहाण ठेवली, माझ्या जन्माची वाट लावली. काका एक शब्द बोलत न्हाईत. आणि मी भिंतीच्या अलीकडं भाकरी मोडत बसतो.

काय करू ते सांग. मनातून उतरलो असलो तरी उत्तर पाठव.

हनुमंत

भोर
१८ मे २०२४

चि. हनुमंतास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यांना दिलं. संध्याकाळी त्यांनी ते घडी घालून परत दिलं. मग म्हणाले, त्या वळणावर मी असतो तर मीही हाक मारली असती की नाही, मला सांगता येणार नाही. पण भिंतीपलीकडून ऐकत बसलो नसतो.

मला ह्याहून जास्त सुचत नाही. लायसन जाईल, केस होईल, सोनियाला त्रास होईल, ते सगळं मला दिसतंय. तरी आधी सखूकाकूंकडे जा. पोलीस नंतर. उंबऱ्यात उभं राहून सांगू नको, आत जाऊन बस आणि सांग. सोनियाला आजच सांग, तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

मनातून उतरलास असं कुणी म्हटलं? रागावले आहे, एवढंच. पोरींना जवळ घेत जा.

तुझी,
अक्का

वाडी
८ जून २०२४

ती. अक्कास व दाजींस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सोनियाला सांगितलं. ती रडली, मग तिनंच मला उठवलं नि बरोबर आली. सखूकाकू तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. एकच इचारलं, इतके दिवस मी ह्यांना बोलत होते ते तुला ऐकू येत होतं का. मी व्हय म्हणालो. त्यांनी सूप उचललं नि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला जाऊन जबाब बदलून दिला. लायसन ठेवून घेतलंय, केस उभी राहील. वस्तीला आता दुसरी गाडी पाणी नेते, ट्रॉलीला ब्रेक लावून.

काकांना मात्र राग आला. म्हणाले, थोरलेपणानं तुझ्यावर पांघरूण घातलं होतं, ते तू चारचौघांत ओढून काढलंस. त्यानंतर बोलणं बंद. दर शुक्रवारी धनाजीच्या टेम्पोतून त्यांना नसरापूरला ड्रेसिंगला नेतो. उचलून बसवतो, उचलून उतरवतो. दोन शुक्रवार ते माझ्या खांद्यावर हात टाकून बाहेर बघत राहिले.

काल परत येताना मार्गासनीला टेम्पो थांबला, तेव्हा आपणहून म्हणाले, चहा सांग. निम्मा कप झाल्यावर बोलले. म्हणाले, सखू आता मला काहीच बोलत न्हाई. आधी तोंड थांबायचं न्हाई तिचं. आता पायाला तेल लावते नि डोळं पुसते. माणसानं बघावं कुठं तेच कळत न्हाई. मग उरलेला चहा संपवून म्हणाले, तू संध्याकाळचा येऊन बसत जा. दोघांनी गप बसण्यापरीस तिघं बसू.

आज जाऊन आलो. काकूंनी ये म्हणलं न्हाई, जा पण म्हणलं न्हाई. दिवा लागेस्तोवर बसलो. उद्याही जाणार आहे.

दाजींचा गुडघा बरा झाला की या. रागावली असलीस तरी माया तोडू नको.

तुझा,
हनुमंत